आभासी चलन आणि एक्कावन्न टक्क्यांचे बहुमत

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाला दसऱ्याची मिरवणूक, वृंदावन उद्यान, चंदन आणि अर्थातच म्हैसूरपाक आठवतो. बँकेत काम करणाऱ्यांच्या लेखी मात्र या शहराला आणखी एक महत्त्व आहे. शाखेच्या रोख विभागात ज्या कोऱ्या करकरीत नोटांची बंडले उघडली जातात, त्यांपैकी कित्येक नोटा म्हैसूरमध्ये छापलेल्या असतात. नाशिकला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, हे महाराष्ट्रातील बहुतेकांना ठाऊक असते. म्हैसूरचा छापखाना त्या मानाने अलीकडचा. रिझर्व्ह बँकेच्या संपूर्ण मालकीची 'भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण' ही कंपनी ३ फेब्रुवारी १९९५ रोजी स्थापन झाली आणि तिचे छापखाने म्हैसूर व पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे उभे राहिले. पुढे नोटेचा कागद तयार करणारी गिरणीही म्हैसूरलाच निघाली, आणि २०२२ मध्ये नोटांसाठी लागणाऱ्या शाईचा 'वर्णिका' हा कारखानाही तेथेच राष्ट्राला अर्पण झाला. कागद, शाई आणि छपाई ही तिन्ही अंगे एकाच शहरात नांदताना दिसावीत, असे हे ठिकाण आहे.

हा सारा खटाटोप नोटेची नक्कल होऊ नये म्हणून चालतो. परंतु नोटेच्या अंगी आणखी एक गुण असतो आणि तो आपल्याला फुकटच मिळतो, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शंभराची नोट किराणा दुकानदाराला दिली की ती आपल्या खिशात उरत नाही. तीच नोट घेऊन संध्याकाळी भाजीवाल्याकडे जाता येत नाही. संगणकातील आकड्यांचे तसे नसते. छायाचित्र मित्राला पाठविले तरी ते आपल्यापाशी राहतेच. पैसा हा जर संगणकातील एक नोंद असेल, तर तीच नोंद दोघांना पाठविण्यापासून मला कोण अडविणार? एकच पैसा दोनदा खर्च होण्याचा हा प्रश्न आभासी चलनाच्या मुळाशी आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय असलेला धोकाही त्यातूनच उद्भवतो.

बँकांनी हा प्रश्न फार पूर्वी आणि अगदी साध्या रीतीने सोडविला. खातेवही एकच आणि ती बँकेच्या ताब्यात. एखाद्या खातेदाराने एकाच शिलकीवर दोघांना धनादेश दिले, तर जो आधी वटेल तो खरा. दुसरा 'अपुरी शिल्लक' असा शेरा घेऊन परत जातो. यात ग्राहकाचा विश्वास खातेवही सांभाळणाऱ्या संस्थेवर असतो, आणि त्या संस्थेवर कायद्याचा, लेखापरीक्षकांचा व रिझर्व्ह बँकेचा पहारा असतो.

सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या अज्ञात व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला, त्यात ही संस्थाच काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. या खातेवहीची प्रत ज्याला हवी त्याने आपल्या संगणकावर ठेवावी, असा तिचा नियम. प्रती हजारो असल्या की त्या सगळ्या सारख्या कशा राहणार आणि पुढचे पान कोणी लिहायचे, हा पेच साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर म्हणजे मायनिंग, मराठीत खाणकाम.

हे खाणकाम समजून घेणे फारसे अवघड नाही. गेल्या काही मिनिटांतील व्यवहार एकत्र करून त्यांचे एक पान तयार केले जाते. त्याला ब्लॉक म्हणतात. या पानावर एक गणिती प्रक्रिया केली की ठरावीक लांबीचा एक आकडा मिळतो. त्याला हॅश म्हणतात. पानावरील एक अक्षर बदलले तरी हा आकडा पार बदलतो आणि कसा बदलेल हे आधी सांगता येत नाही. नियम असा की, हा आकडा एका विशिष्ट मर्यादेपेक्षा लहान आला तरच पान ग्राह्य. त्यासाठी पानाच्या कोपऱ्यात एक जुळवाजुळवीचा अंक घालून पाहावा लागतो. नाही जमले तर दुसरा, मग तिसरा, असे अब्जावधी वेळा. यात बुद्धीचे काम काही नाही, सोडतीची तिकिटे भराभर फाडून पाहण्यासारखे हे आहे. ज्याच्याकडे यंत्रे अधिक त्याची तिकिटे अधिक. ज्याला आधी यश येते त्याचे पान सर्वांच्या वहीत चढते आणि त्याला नव्या नाण्यांचे बक्षीस मिळते. यंत्रे वाढली की मर्यादा आपोआप कडक होते, त्यामुळे बिटकॉइनमध्ये सरासरी दर दहा मिनिटांनी एकच पान लिहिले जाते.

प्रत्येक पानात आधीच्या पानाचा आकडा गुंफलेला असल्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड करायची तर त्यानंतरची सर्व पाने नव्याने सिद्ध करावी लागतात. आणि दोन निरनिराळ्या वह्या समोर आल्या तर जिच्यात एकूण गणिती श्रम अधिक झाले आहेत, तीच खरी मानायची. कोणाची सही नाही, शिक्का नाही. श्रमांचे माप हाच पुरावा. प्रामाणिक मंडळींकडे यंत्रशक्तीचे बहुमत आहे तोवर त्यांची वही सर्वांत पुढे राहील, अशी ही मांडणी आहे. बहुमत अप्रामाणिक हाती गेले तर काय, हा प्रश्न त्या निबंधातही टाळलेला नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ५१ टक्के हा आकडा परका नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत तर केंद्र सरकारचा भाग ५१ टक्क्यांहून खाली जाऊ नये, असे कायद्यातच आहे. म्हणून पुष्कळांना वाटते की आभासी चलनातले बहुमत म्हणजे कंपनीतल्या बहुमतासारखेच काहीतरी असावे. साम्य आहे ते केवळ आकड्यापुरते. कंपनीत बहुमत कोणाचे हे भागधारकांच्या नोंदवहीत लिहिलेले असते. विशेष ठरावाला पाऊण मते लागतात, म्हणजे ५१ टक्केवाल्यालाही सर्व काही करता येत नाही. अल्पमतातील भागधारकांची गळचेपी झाली तर ते कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. यंत्रशक्तीच्या बहुमताची नोंदवही नाही, मालकाचे नाव ठाऊक असतेच असे नाही, दाद मागण्याचे ठिकाण नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे बहुमत तासांच्या हिशेबाने भाड्याने घेता येते. एखाद्या बँकेचे ५१ टक्के भाग शनिवारी रात्रीपुरते भाड्याने घेऊन रविवारी सकाळी परत केले, अशी कल्पना वाचकांनी करून पाहावी!

या बहुमताने नेमके काय साधते याबद्दल बरेच गैरसमज आहेत. हल्लेखोर आपल्या पाकिटातील नाणी काढून घेईल, ही भीती निराधार आहे. त्यासाठी मालकाची गुप्त किल्ली लागते आणि यंत्रे कितीही असली तरी ती सापडत नाही. नियमांबाहेर नवी नाणीही त्याला पाडता येत नाहीत, कारण तसे पान इतरांचे संगणक नाकारतात. त्याच्या हाती येते ते पाने लिहिण्याचे एकाधिकार. तो कोणाचेही व्यवहार पानावर घेण्याचे टाळू शकतो, इतर खाणकामगारांची पाने बाजूला टाकून सगळे बक्षीस स्वतः मिळवू शकतो. आणि अलीकडे लिहिलेली पाने फाडून त्यांच्या जागी आपली पाने बसवू शकतो. शेवटच्या प्रकारातच पैशाची चोरी आहे. चोरी होते ती त्याने स्वतः दिलेल्या पैशाची. दिलेला पैसा परत आपल्या खिशात, आणि त्या बदल्यात मिळालेली वस्तूही खिशातच.

हे कसे घडते ते पाहू. हल्लेखोर एखाद्या विनिमय केंद्रावर, म्हणजे जेथे एक आभासी चलन देऊन दुसरे घेता येते अशा ठिकाणी, आपली नाणी जमा करतो. जमा झाल्याची नोंद सर्वांच्या वहीत चढते. त्याच वेळी तो बंद खोलीत स्वतःची वेगळी वही लिहू लागतो. तिच्यात तीच नाणी त्याने स्वतःच्याच दुसऱ्या पाकिटात पाठविलेली असतात. ही वही तो कोणाला दाखवीत नाही. विनिमय केंद्र काही पाने लिहून होईपर्यंत थांबते. प्रत्येक नवे पान म्हणजे त्या जमेची एकेक पुष्टी. पुरेशा पुष्टी झाल्या की ते त्याला दुसरे चलन काढून नेऊ देते. ते पदरात पडताच हल्लेखोर गुप्त वही सर्वांसमोर मांडतो. बहुमत त्याच्याकडे असल्याने तिच्यातील श्रम अधिक भरतात आणि जगभरचे संगणक नियमाप्रमाणे, निमूटपणे, जुनी पाने टाकून नवी स्वीकारतात. विनिमय केंद्राकडे जमा झालेली नाणी कधी जमा झालीच नव्हती, असे आता वही सांगते. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर रोखपालाने डे-बुकातील नोंद पाहून पैसे दिले आणि सायंकाळी पाहावे तो सगळे डे-बुकच बदललेले!

ही केवळ तर्कातील गोष्ट नाही. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्ड या चलनावर असा हल्ला झाला आणि सुमारे ३ लाख ८८ हजार नाणी, तेव्हाच्या भावाने जवळजवळ १ कोटी ८० लाख डॉलर, विनिमय केंद्रांच्या पदरून गेली. बिटकॉइन गोल्ड आणि बिटकॉइन यांच्या नावांत साम्य असले तरी ती दोन वेगळी चलने होत, हे येथे सांगणे आवश्यक आहे. पण अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण इथेरियम क्लासिकचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्यावर एक हल्ला झाला होता, तो दहा-अकरा लाख डॉलरांचा. ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीन झाले.

त्यांपैकी १ ऑगस्टचा पहिला हल्ला तपशिलाने पाहण्यासारखा आहे. या चलनात सुमारे तेरा सेकंदांत एक पान लिहिले जाते. हल्लेखोराने जवळजवळ अर्धा दिवस गुप्तपणे पाने लिहिली आणि साडेतीन हजारांहून अधिक पाने एकदम पुढे आणली. गंमत अशी की सुरुवातीला कोणाला हल्ल्याचा संशयही आला नाही. एखाद्या मोठ्या खाणकामगाराचा आंतरजालाशी संपर्क तुटला असावा, त्याची यंत्रे एकटीच पाने लिहीत राहिली असावीत आणि संपर्क जुळताच ती वही बाहेर आली असावी, असा समज त्या चलनाच्या जाणकारांनी करून घेतला. वहीचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या बिटक्वेरी या संस्थेने नंतर दाखवून दिले की आठ लाखांहून अधिक नाणी, म्हणजे सुमारे ५६ लाख डॉलर, दोनदा खर्च झाली होती. त्यासाठी लागलेली यंत्रशक्ती नाइसहॅश या भाड्याच्या बाजारातून घेतलेली होती आणि तिचे भाडे होते अवघे साडेसतरा बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे १ लाख ९२ हजार डॉलर. खर्चाच्या एकोणतीसपट उत्पन्न, शिवाय लिहिलेल्या पानांचे बक्षीसही त्याच्याच पदरात. ओकेएक्स या विनिमय केंद्राने हा तोटा स्वतः सोसला, त्यामुळे तेथील ग्राहक बचावले. प्रत्येक विनिमय केंद्राची तेवढी ऐपत असते असे मात्र नाही.

या प्रकरणातील कळीचा शब्द 'भाडे' हा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्याने स्वतःच्या पैशाने यंत्रे विकत घेतली आहेत तो चलनाची अब्रू सहसा घालवीत नाही, कारण चलन कोसळले तर त्याची यंत्रेही भंगाराच्या भावाची होतात. घरमालक गळके कौल दुरुस्त करतो तो याच न्यायाने. एका रात्रीच्या भाडेकरूला कौलांची फिकीर कशाला? म्हणूनच एखादे चलन सुरक्षित आहे की नाही हे पाहताना त्याच्याकडे किती यंत्रशक्ती आहे एवढेच पाहून भागत नाही. तशाच प्रकारची यंत्रे जगात आणखी किती आहेत आणि त्यांपैकी किती भाड्याने मिळू शकतात, हे पाहावे लागते. इथेरियम आणि इथेरियम क्लासिक यांची खाणकामाची पद्धत तेव्हा जवळपास एकच होती आणि थोरल्या भावाकडे यंत्रे कितीतरी पट अधिक होती. थोरल्याच्या यंत्रांपैकी थोडी जरी एका रात्रीसाठी वळविली, तरी धाकट्याकडे बहुमत तयार. बिटकॉइनच्या पद्धतीत तोच थोरला आहे, म्हणून भाड्याच्या बाजारात त्याला पुरून उरेल एवढा साठाच नाही.

नाकामोतोच्या निबंधाच्या शेवटी एक छोटे कोष्टक आहे. विद्यार्थिदशेत संख्याशास्त्राचा कंटाळा केलेल्यांनीही ते पाहावे. प्रश्न असा मांडला आहे की, हल्लेखोराकडे एकूण शक्तीचा अमुक हिस्सा असेल, तर आपण किती पाने थांबलो म्हणजे फसविले जाण्याची शक्यता हजारात एकाहून कमी होईल? हिस्सा १० टक्के असेल तर ५ पाने पुरतात. २० टक्के असेल तर ११ आणि ३० टक्के असेल तर २४. येथवर आकडे सरळ चढताना दिसतात. ४० टक्क्यांना मात्र ८९ पाने आणि ४५ टक्क्यांना ३४०. बिटकॉइनच्या दहा मिनिटांच्या हिशेबाने ३४० पाने म्हणजे ५६ तास ४० मिनिटे. आणि ५० टक्क्यांना? तेथे कोष्टकच संपते. मागून येणारा वाटसरू आपल्याहून हळू चालत असेल तर आपण जितके पुढे जाऊ तितके निर्धास्त; तो आपल्या बरोबरीने वा आपल्याहून वेगाने चालत असेल तर आपण कितीही पुढे असलो तरी केव्हातरी गाठले जाणारच. ५१ या आकड्याचा खरा अर्थ हा आहे. धोका ५१ ला सुरू होत नाही, तो बराच अलीकडे सुरू होतो; ५१ ला संपतो तो थांबण्याचा उपयोग. २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील इत्ताय एयाल आणि एमिन ग्युन सिरेर यांनी तर असेही दाखविले की पाने लपवून ठेवण्याची चतुर चाल खेळणाऱ्याला आपल्या वाट्याहून अधिक बक्षीस मिळविण्यासाठी निम्मी शक्तीही लागत नाही, साधारण एक तृतीयांशातही काम भागते.

बिटकॉइनला तरी हा प्रसंग आला का? हल्ला झाला नाही, पण उंबरठ्यापर्यंत गोष्ट आली होती. एकट्या खाणकामगाराला बक्षीस लागायला वर्षानुवर्षे लागतील म्हणून ही मंडळी आपली शक्ती एकत्र करतात आणि मिळेल ते वाटून घेतात. त्या मंडळाला पूल म्हणतात. भिशी आणि लॉटरी यांचे हे लग्नच म्हणा ना. जून २०१४ मध्ये जीहॅश या पूलची शक्ती निम्म्याच्या आसपास गेली आणि एकच खळबळ उडाली. पुष्कळ खाणकामगार स्वतःहून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात त्या पूलने ४० टक्क्यांच्या आत राहण्याचे जाहीर केले. पूलची यंत्रे पूलच्या मालकीची नसतात, सभासद निघून जाऊ शकतात, हा तेथे आधार ठरला. त्या आधारावर कितपत विसंबावे याबद्दल मतभेद आहेत. सभासद जागा होऊन निघून जाईपर्यंत काही तास जातातच, आणि इथेरियम क्लासिकच्या उदाहरणात काही तासच पुरेसे झाले होते. अलीकडच्या वर्षांतही फाउंड्री आणि अँटपूल या दोन मोठ्या पूलांनी मिळून निम्म्याहून अधिक पाने लिहिली, असे काळ येऊन गेले आहेत.

खाणकामाच्या शक्तीचा विषय निघाला की महाराष्ट्रातील वाचकाला गेनबिटकॉइन आठवल्यावाचून राहत नाही. तो प्रकार बहुमताच्या हल्ल्याचा नव्हता; परंतु यंत्रशक्ती म्हणजे काय हे ठाऊक नसल्याचा लाभ कसा उठविला जातो, याचा तो नमुना होय. योजना अशी होती की, ग्राहकाने आपले बिटकॉइन द्यावेत, त्यांतून त्याच्या नावे दूरवरच्या यंत्रांची खाणकामाची शक्ती घेतली जाईल आणि त्याला १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळेल. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच घरच्या नाण्यात दिला जाऊ लागला. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. देशभरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशात साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूर ही नावेही होती.

न्यायालयाचा निकाल काय लागायचा तो लागेल. हिशेबाच्या वहीपुरते बोलायचे तर वर सांगितलेल्या नियमांवरूनच या योजनेची परीक्षा करता आली असती. दिवसाला साधारण १४४ पाने लिहिली जातात. जुलै २०१६ पूर्वी प्रत्येक पानाला २५ बिटकॉइनचे बक्षीस होते, म्हणजे साऱ्या जगाला मिळून दिवसाचे ३,६००. त्यानंतर बक्षीस निम्मे झाले आणि दिवसाचे १,८०० उरले. जगात यंत्रे दुप्पट झाली तरी हा आकडा वाढत नाही, प्रत्येकाचा वाटा तेवढा घटतो. बक्षीस कधी निम्मे होणार हेही पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. वाटा घटणार आणि बक्षीस अर्ध्यावर येणार हे निश्चित असताना अठरा महिने एकसारखा दहा टक्के परतावा कोणते यंत्र देईल? मुदत ठेवीच्या व्याजात पाव टक्क्याची घासाघीस करणारे आपले ग्राहक असा प्रश्न विचारण्यास पूर्ण समर्थ आहेत. त्यांना खाणकाम म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

बहुमताचा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मोनेरो या चलनाच्या बाबतीत क्युबिक नावाच्या मंडळाने आपल्याकडे बहुमत असल्याचा दावा उघडपणे केला आणि सहा पाने पालटली गेली. सप्टेंबरमध्ये अठरा पाने पालटली. बहुमत खरोखर मिळाले होते की लपवाछपवीच्या चालीने कमी शक्तीतच काम साधले, याबद्दल अभ्यासकांत एकमत झाले नाही. क्रेकन या विनिमय केंद्राने काही काळ मोनेरोच्या जमा थांबविल्या, यावरून व्यवहारातील मंडळींनी त्याची दखल घेतली एवढे निश्चित. हा हल्ला लपूनछपून झाला नाही, आधी डंका पिटून झाला, हे त्याचे वेगळेपण.

काही चलनांनी खाणकामच सोडून दिले. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी यंत्रशक्तीऐवजी तारण ठेवलेल्या नाण्यांच्या प्रमाणात पाने लिहिण्याची पद्धत स्वीकारली. परस्परविरोधी पानांवर सही करणाऱ्याचे तारण त्यात जप्त होते. हल्लेखोराचे भांडवलच ओलीस राहत असल्याने भाडेकरूची अडचण पुष्कळ कमी होते. बहुमताची अडचण राहतेच, ती श्रीमंताच्या दारी जाते एवढाच फरक.

आपल्या शाखेत येणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने या सर्वाचा अर्थ काय, तेही पाहू. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सेवेबद्दल तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आभासी चलनाच्या वहीतील पान पालटल्यामुळे कोणाची रक्कम गेली तर यांपैकी कोणाकडेही जाता येत नाही, कारण त्या वहीत काहीच बेकायदा घडलेले नसते. अधिक श्रमाची वही खरी, या तिच्या नियमाचे पालनच झालेले असते. बँकांनी या व्यवहारांना सेवा देऊ नये असे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले, म्हणून आभासी चलनाला शासनाची हमी मिळाली असे समजू नये. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया ही निराळी वस्तू होय. तो घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि किरकोळ व्यवहारांसाठी १ डिसेंबर २०२२ रोजी प्रायोगिक रूपात आला. त्यात खाणकाम नाही, सोडत नाही. म्हैसूरच्या नोटेप्रमाणे त्याच्याही मागे रिझर्व्ह बँकच उभी आहे.

एखाद्या व्यापारी ग्राहकाला परदेशातील गिऱ्हाइकाने आभासी चलनात रक्कम देऊ केली आणि त्याने आपल्याला विचारलेच, तर कायदा आणि कर यांची बाजू सांगून झाल्यावर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. चलन नेमके कोणते, आणि माल पाठविण्यापूर्वी किती पुष्टींची वाट पाहणार? 'कॉइन' हे आडनाव असलेली सगळी नाणी एका घरची नसतात. ज्या चलनाची यंत्रशक्ती थोडी आहे त्यात सहा पुष्टी म्हणजे सहा कागदी कुलुपे.

इथेरियमने खाणकाम सोडले त्या दिवशी जगभरातील असंख्य यंत्रे एका क्षणात बेकार झाली. त्यांतील पुष्कळशी इथेरियम क्लासिककडे वळली आणि २०२० मध्ये एका महिन्यात तीनदा लुटल्या गेलेल्या या चलनाची यंत्रशक्ती थोड्याच दिवसांत कित्येक पटींनी वाढली. पूर्वी जी यंत्रे भाड्याने आणून त्याच्यावर सोडली गेली, त्याच जातीची यंत्रे आता त्याच्या दारात पहाऱ्यावर उभी राहिली. उरलेली कोठे गेली याचा जमाखर्च मात्र कोणत्याच वहीत नाही.